झावळ बेटाचं डावं बावखल

ब्रिजीत टीचर नव्या माणसाला आधी नाव विचारत नसत. "तुमच्याकडे पाणी कुठून येतं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मी सांडोरला त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा ओट्यावर चपला काढतानाच तो माझ्यावर येऊन आदळला.

"मी नायगावला राहते, टॉवरमध्ये," मी म्हटलं. "टँकर येतो."

"आणि टँकरमध्ये कुठून येतं?"

मला ठाऊक नव्हतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मला पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं. "म्हणजे तू अजून कुठेच राहत नाहीस, बाय. मुक्कामाला आहेस." मग मात्र खुर्ची पुढे केली. माझ्या हक्काच्या घराला कोणी मुक्काम म्हटलेलं मला अजिबात रुचलं नाही. ही बाई डोक्याला ताप होणार, असं मनाशी म्हणत मी बसले. तो अंदाज खरा ठरला, फक्त मला वाटलं होतं तशा तऱ्हेने नाही.

मी पुस्तकांसाठी चित्रं आणि नकाशे काढते. टीचरांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर एका काल्पनिक बेटाची कादंबरी लिहायला घेतली. तिचा नकाशा काढायला प्रकाशकांनी मला त्यांच्याकडे धाडलं होतं. अद्भुत कादंबरी म्हटल्यावर मी खुशीत होते. क्रमिक पुस्तकांतल्या बेडकाच्या आकृत्या काढून काढून मी कंटाळले होते, आता निदान राक्षस आणि उडते घोडे काढायला मिळतील असं वाटलं होतं. हाती आलं ते भरती-ओहोटीचं कोष्टक. जे बेट जगात नव्हतं त्याच्या भरतीच्या वेळा टीचरांनी मांडून ठेवल्या होत्या आणि कुठलाही प्रसंग लिहिण्याआधी त्या घटकेला खाडीत पाणी किती असेल हे त्या पाहून घेत. पहिल्या भागात नायकाच्या मागे मारेकरी लागतात आणि तो धावत होडीपाशी येतो. तिथे टीचर अडल्या, कारण कोष्टकात ओहोटी निघाली. मी म्हटलं, "टीचर, तुमचंच बेट आहे, आणा की भरती." तर म्हणाल्या, "वाचला तर वाचला. चिखलात होडी चालायची नाही." शेवटी त्या बिचाऱ्याला अख्खं प्रकरण खारफुटीत चिखल खात बसावं लागलं. पुस्तकातलं सगळ्यात श्वास रोखायला लावणारं प्रकरण तेच झालं, हे मात्र मला मान्य करावं लागलं.

"आधी पाणी ठरव, मग माणसं." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतकं ऐकलं की पुढे भाजी फोडणीला टाकतानासुद्धा ते मला आठवायला लागलं.

बेटाचं नाव झावळ. माडाच्या झावळीसारखं लांबट, मधोमध उंचवटा आणि दोन्ही अंगांना चिंचोळ्या खाड्या. लोक केळी आणि पानवेली लावत, मिठागरं राखत, मासे सुकवत. गोडं पाणी फक्त तीन बावखलांत. बावखल म्हणजे वसईच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं, ज्याच्यावर बागायत जगते. झावळवर एक मधलं, एक उजवं आणि एक डावं अशी तीन होती, आणि तिन्हींतलं पाणी खालून एक होतं. एकात कोणी पाय घातला की बाकीच्या दोन्हींत तरंग उठे.

आणि बेटावर पुसट होतं. राक्षस म्हणा, जादू म्हणा, टीचरांच्या कादंबरीत जे काही होतं ते हे एवढंच. पुसट म्हणजे खाडीतून वर सरकणारं धुकं. ते ज्याला लागेल ते काही काळ नाहीसं होई. झाड, घर, वाट, शेजारी, जे समोर असेल ते. माणूस रोजच्या पायवाटेवर उभा असताना पायवाटच पुसली जाई. टीचर हे सांगायच्या तेव्हा आवाज खाली आणायच्या. "पुसट सगळं पुसतं. पाण्याला मात्र त्याचा हात लागत नाही."

नकाशावरून आमचं पहिलं भांडण झालं. टीचरांना समुद्र वर हवा होता, म्हणजे कागदाच्या माथ्यावर पश्चिम. मी उत्तर वर धरून काढत होते, शाळेत शिकल्याप्रमाणे. ते भूगोलाच्या शिक्षिकेला पटू नये, याचं मला हसू आलं.

"वर्गात तुम्ही काय शिकवलंत, टीचर?"

"वर्गात सरकारची उत्तर शिकवली. झावळवर उत्तर कोणी पाहिलीय? समुद्र सगळ्यांनी पाहिलाय. माणूस घरातून बाहेर येतो, वारा तोंडावर घेतो, मग त्याला डावा हात आणि उजवा हात कळतो."

प्रकाशक म्हणाले, वाचक गोंधळतील, उत्तर वरच ठेवा. नकाशा तसाच छापला गेला. पुस्तक हातात आल्यावर टीचरांनी ते उघडलं, नकाशाचं पान काढलं आणि अख्खं पुस्तक आडवं करून माझ्यापुढे धरलं. "माझं बेट तू कुशीवर निजवलंस," एवढंच बोलल्या. पुढे कोणीही सही घ्यायला आलं की त्या सही मुद्दाम आडवी करत, म्हणजे वाचायला पुस्तक फिरवावं लागे. हट्टीपणात मी कमी नाही, पण इथे मी हात टेकले.

मी रविवारचं त्यांच्याकडे जायला लागले. त्या चर्चमधल्या मिस्साहून आलेल्या असत. भाचा बोटीवर नोकरीला, वर्षातला बराच काळ बाहेर. घरात त्याची बायको रिटा आणि टीचर. रिटाशी त्या घरच्या बोलीत बोलत आणि माझ्याकडे वळल्या की लगेच फळ्यावर लिहितात तशी मराठी सुरू होई. रिटाने पुस्तकाला कधी हात लावला नव्हता. "मला कुठे टाइम आहे, ताई," ती म्हणायची, "आत्याचं एक बेट, माझी दहा कामं." पण इन्सुलिनचं इंजेक्शन आणि त्यानंतरचं जेवण यात तिने कधी हयगय केली नाही. टीचरांचं डायबिटीसचं दुखणं जुनं होतं.

दुसऱ्या भागात हरवलेल्या माणसाची रीत आली. पुसटात हरवलेल्याने चालायचं नाही, जवळच्या बावखलाशी जाऊन बसायचं. चालायचं शोधणाऱ्याने. आणि शोधणाऱ्याने हरवलेल्याचं नाव घ्यायचं नाही, स्वतःचं नाव सांगत जायचं. हरवलेल्याने ते ऐकावं आणि वाटलं तर "बसलेय" म्हणावं. तो शब्द कानी येईपर्यंत शोधणाऱ्याने जवळ जायचं नाही.

मी म्हटलं, "हे उलटं नाही का? हरवलेल्यालाच हाक मारतात सगळे."

टीचर वाटाणे सोलत होत्या. हातातली शेंग त्यांनी खाली ठेवली. "माझी आई म्हातारपणी विसरायला लागली. एकदा घरातून गेली. अख्खं गाव तिच्या नावाने ओरडत वाड्यावाड्यांतून फिरत होतं. ती आमच्याच केळीत दडून बसली होती. आम्ही चार वेळा तिच्या बाजूने गेलो." त्यांनी शेंग पुन्हा हातात घेतली. "मोठ्याने आपलं नाव घेतलं की माणसाला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं. तिला वाटलं, मार बसणार. तिला आमचे आवाज ओळखू येत होते की नाही, कोण जाणे. कोणी नुसतं, मी ब्रिजीत, असं म्हटलं असतं, तर आली असती बाहेर."

वाटाणे सोलायला मी पुढे झाले.

तिसरा भाग लिहायला घेतल्यावर त्यांनी माझ्यावर एक काम टाकलं. रविवारी चहा झाला की त्या डोळे मिटत आणि झावळला फेरी घालत. धक्क्यापासून निघायचं, मिठागरं, ताडीवाल्यांची वाडी, क्रूस, मधलं बावखल, असं बोलत बोलत पुन्हा धक्क्यावर यायचं. मी नकाशा मांडीवर घेऊन तपासायचं. मला वाटलं, लिखाणाची तयारी चालली असेल. एका रविवारी त्यांनी ताडीवाल्यांना खाडीकाठी नेऊन बसवलं. मी गप्प राहिले. डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "चुकले ना? मग बोलायचं. लाडाने गप्प बसायचं नाही. आईचं असंच सुरू झालं होतं." तेव्हा कुठे मला कळलं की ही बेटाची परीक्षा नव्हती.

त्यानंतरचे रविवार फार जड गेले. रस्त्याने येतानाच मनात येई, आज काय पुसलं गेलं असेल? कधी मिठागर जाई, कधी अख्खी वाडी. एकदा धक्काच सापडेना, तर त्या खोलीभर फिरल्या, भिंतीला हात लावत. डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं होतं. गोळ्या होत्या, आणि त्यांच्यापासून किती आशा ठेवायची तेही त्यांनी सांगून टाकलं होतं. एकच गोष्ट टिकून होती. बाकी काहीही चुकलं तरी तीन बावखलं चुकत नसत. मधलं, उजवं, डावं. त्यांचा हातसुद्धा बरोबर त्या बाजूला जाई.

तिसरा भाग अडला होता तो एका प्रश्नावर. पुसट पाण्याला पुसू शकतं का? टीचरांनी दोन्हीकडून लिहून पाहिलं आणि दोन्ही खोडलं. "पाणी गेलं तर हरवलेल्याने बसायचं कुठे?" त्या मला विचारत, जणू मला माहीत असूनही मी सांगत नव्हते. मग एकदा जायला निघाले तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "मी गेले कुठे, तर रीत मोडायची नाही. मला ब्रिजीत, ब्रिजीत करत येऊ नको." मी हो म्हटलं. म्हणताना मनात आलं, ती वेळच न येवो.

ती आली एका साध्या कामाच्या दिवशी, भर दुपारी. मी नायगावला घरीच काम करत होते. रिटाचा फोन आला. "ताई, आत्या तुमच्याकडे आलीय का? मी वाडीत होते. आत येऊन बघते तर इंजेक्शन घेतलेलं आणि ताट तसंच झाकून ठेवलेलं. जेवलीच नाही." तिचा आवाज फुटला. इन्सुलिन घेऊन माणूस उपाशी राहिला तर साखर कुठवर उतरते हे तिला नीट ठाऊक होतं, मलाही. आधी घाम, मग हातांना कापरं, मग शुद्ध जाते. आपण कोण हे आधीच विसरत चाललेल्या बाईला रस्त्यात चक्कर आली तर लोक तिला दारू प्यायलेलीही समजतील, असलं भलतंसलतं माझ्या डोक्यात यायला लागलं.

मी स्कूटरची किल्ली शोधत होते तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. टीचर होत्या.

"उज्ज्वला, पुसट आलंय."

"टीचर, कुठे आहात तुम्ही?"

"हरवलेय. म्हणून बसलेय. डाव्या बावखलावर. तू चालायला लाग." आवाज संथ होता, पण शब्दांमध्ये मोठी मोकळी जागा पडत होती. मागे कसलीतरी घरघर ऐकू येत होती. मी काही बोलायच्या आत फोन कापला गेला. उलट लावला तर लागेना.

उमेळ्यावरून सांडोरला मी कशी पोचले ते मला सांगता येणार नाही. रिटा रस्त्यावरच उभी होती, ओढणी खांद्यावरून घसरलेली, हातात सुकेळ्यांचं पुडकं. राजेळी केळी उन्हात वाळवून त्यांच्याकडे सुकेळी करत. साखर उतरली की टीचरांना तीच लागत. "शेजारचे लोक स्टेशनकडे गेलेत बघायला," ती म्हणाली. मी तिला मागे बसवलं. डावं बावखल. माझ्या डोळ्यांपुढे नकाशा आला, मीच काढलेला. डावीकडे समुद्र. टीचरांचं मधलं बावखल म्हणजे त्यांच्या वाडीतलंच, हे त्यांनी मला पूर्वीच सांगितलं होतं. म्हणजे डावं त्याच्या पलीकडे, किनाऱ्याकडच्या वाड्यांत. मी स्कूटर पश्चिमेला हाणली.

किनाऱ्याच्या अलीकडे एका वाडीत बावखल होतं. हिरवंगार, काठावर केळी, एक बगळा. माणूस नाही. पुढच्या वाडीतलं अर्धं बुजलेलं, तिथेही कोणी नाही. रिटा "आत्या, ए आत्या" करत केळींतून धावत होती. मी तिला म्हटलं, हाक मारू नको. ती थबकली आणि असा राग आला तिला की मला वाटलं, आता ही मला मारते. "तुमचं पुस्तक घरी ठेवा, ताई. माणूस मरेल इथे." ती चूक नव्हती. घड्याळ बघायची माझी हिंमत होत नव्हती.

मी बावखलाच्या काठाला उभी राहिले. काय करावं ते सुचत नव्हतं. समुद्र जवळच होता, वारा सरळ तोंडावर येत होता. आणि तो तोंडावर येत होता म्हणूनच मला टीचरांचं बोलणं आठवलं. घरातून बाहेर यायचं, वारा तोंडावर घ्यायचा, मग डावा हात, उजवा हात. मी समुद्राकडे तोंड करून उभी होते. माझा डावा हात खाडीच्या दिशेला होता, जिकडून मी आले त्याच दिशेला. मी बेट कुशीवर निजवलं होतं आणि त्याच निजलेल्या बेटावर टीचरांना शोधत होते.

"रिटा, खाडीच्या बाजूला टीचरांचं कोणी आहे? पूर्वी होतं?"

"तिकडे कोण? आत्याचं आजोळ होतं. उमेळ्याला. पण ती वाडी केव्हाच गेली, बिल्डिंग झाली तिथे."

"बावखल होतं?"

"असेल ना. पूर्वी सगळीकडेच होती." मग ती एकदम माझ्याकडे बघायला लागली. "क्रूस आहे अजून रस्त्यावर. आजोळचा क्रूस. आत्या म्हणायची, त्याच्या मागे पोहायला शिकले."

उमेळ्याचा तो क्रूस मी येता-जाता कैकदा पाहिला होता. चुना लावलेला, हार घातलेला. त्याच्यामागे वाडी नाही, सोसायटीचं फाटक आहे. तासाभरापूर्वी मी त्या फाटकावरूनच स्कूटर हाकत गेले होते.

वॉचमन खुर्चीत बसला होता. कोणी म्हातारी आत गेलीय का, विचारलं तर म्हणाला, "एक आंटी आयी थी. बोली, नानी के घर जाना है. मैंने सोचा किसी फ्लॅट में होगी." इमारत उंच, तिला दोन विंगा, खाली खांबांवर पार्किंग. रिटा जिन्याकडे धावली. मी पार्किंगमध्ये शिरले. गाड्या, सायकली, कोपऱ्यात मोडकं कपाट. तोंडाशी आलं होतं, टीचर, कुठे आहात. ते गिळलं.

"मी उज्ज्वला," मी म्हटलं.

वॉचमन मागे येत होता, तो जागच्या जागी थांबला. मी पुढे गेले. "मी उज्ज्वला. मी उज्ज्वला." खांबांवरून माझाच आवाज परत येत होता आणि मला स्वतःचीच भीती वाटायला लागली होती. कोणीतरी गाडीला किल्ली लावता लावता माझ्याकडे बघत राहिलं. वेडी समजले असतील तर समजोत. सगळ्यात मागे, जिथे उजेड पोचत नव्हता, तिथून घरघर ऐकू आली. फोनमागे ऐकलेली तीच. पंपाची खोली. दार अर्धं उघडं होतं. मी दारातच थांबले, कारण रीत तशी होती, आणि हे आयुष्यातलं सगळ्यात अवघड थांबणं होतं.

"मी उज्ज्वला."

पंप चालूच होता. मी पुन्हा म्हटलं. मग आतून, अगदी बारीक, "बसलेय."

टाकीच्या लोखंडी झाकणावर त्या बसल्या होत्या, पाठ भिंतीला, चेहरा घामाने निथळलेला, हात थरथरत होते. पायांतल्या चपला काढून बाजूला नीट ठेवल्या होत्या. मी ओरडले तशी रिटा आली. तिने सुकेळं तोडून तोंडात घातलं, घोट घोट पाणी दिलं, वॉचमनने कुठूनतरी गोड चहा आणला. टीचर चावत होत्या आणि रिटा रडत त्यांना घरच्या बोलीत बोल लावत होती, आणि बोल लावता लावता त्यांचे केस मागे सारत होती. थोड्या वेळाने डोळे स्थिर झाले.

"उशीर केलास," त्या मला म्हणाल्या. "उलट्या बाजूने गेलीस ना?"

मी हो म्हटलं.

"तुझ्या नकाशाने." मग त्यांनी झाकणावर हात ठेवला. "पाणी आहे गं खाली. गेलं नाही."

वॉचमन आपलं गाऱ्हाणं सांगत होता. टाकी वेगळी, पण या खोलीत खालून बारमाही पाणी येतं, म्हणून हा दुसरा पंप कायम चालू ठेवावा लागतो. "कहाँ से आता है, किसी को पता नहीं," तो म्हणाला. टीचरांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला वाटलं, आता याला मुक्कामाला आहेस म्हणतील. त्या म्हणाल्या, "मला विचार ना."

तिसरा भाग त्यांनी त्यानंतर लिहिला, म्हणजे त्या सांगत गेल्या आणि मी उतरवून घेत गेले. त्यात पुसट बावखलावर येतं, काठ पुसतं, केळी पुसतं, पाणी दिसेनासं होतं. लोक घाबरतात. मग एक म्हातारी जमिनीला कान लावते. पुढच्या आवृत्तीत समुद्र वर ठेवून मी नकाशा नव्याने काढला. प्रकाशकांनी तोंड उघडलं, आणि माझा चेहरा बघून मिटलं.

गेल्या पावसाळ्यानंतर टीचर वारल्या. त्याआधी बरेच महिने बेटसुद्धा राहिलं नव्हतं. फेरी बंद झाली, मग शब्द एकेक करून गेले. मी मात्र रविवारी जात राहिले. दारात उभी राहून नाव सांगायचं, "मी उज्ज्वला," आणि थांबायचं. कधी "बसलेय" येई. कधी नुसती मान हले. कधी काहीच नाही, मग मी ओट्यावर रिटाजवळ चहा पिऊन परत येई. रिटा म्हणायची, "आत जा ना, ताई, तिला काय कळतंय." मला आत जाववत नसे. सापडायचं की नाही हे त्यांचं त्यांनी ठरवायचं होतं, आणि ते सोसायला मला फार कठीण जाई हे खरं.

शेवटच्या रविवारी मी आधीच थकून आले होते. आईचं दुखणं निघालं होतं, घरात कटकटी होत्या. दारात उभी राहिले आणि स्वतःचं नावही घेता येईना. टीचर खाटेवर बसल्या होत्या, खिडकीकडे तोंड, जिकडे समुद्र आहे. मी तशीच उंबऱ्यावर खाली बसले. पदराने डोळे पुसले, तरी ते थांबेनात. त्यांनी मान वळवली. माझ्याकडे कितीतरी वेळ पाहिलं. ओळख नव्हती त्या बघण्यात, पण काळजी होती. मग सावकाश, एकेक अक्षर शोधत, मला दचकवायचं नाही अशा हलक्या आवाजात त्या म्हणाल्या, "मी ब्रिजीत."

मी वर पाहिलं. त्या जवळ आल्या नाहीत. खाटेवर तशाच थांबल्या होत्या, कान माझ्याकडे लावून.

"मी ब्रिजीत," त्या पुन्हा म्हणाल्या.

"बसलेय, टीचर," मी म्हटलं.